लस पोहोचली, माहिती मागे राहिली

बुलडाणा - कोरोना प्रतिबंधक लसीकरणास 16 जानेवारी 2021 रोजी देशभर प्रारंभ झाला. पुढच्याच महिन्यात बुलडाण्यासह अमरावती विभागात रुग्णसंख्या झपाट्याने वाढली आणि निर्बंध लागू करावे लागले. त्या धास्तीच्या काळात जिल्ह्यातील असंख्य नागरिकांनी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘कोव्हिशिल्ड’ टोचून घेतली. तीच लस 2024 मध्ये रक्ताच्या गुठळ्यांवरून पुन्हा चर्चेत आली. ही भीती कितपत रास्त आहे, हे ठरविण्यासाठी कुपीत नेमके काय होते, ते पाहावे लागेल.

कुपीत होता चिंपांझींमध्ये आढळणारा, निरुपद्रवी केलेला अ‍ॅडेनोव्हायरस. 1953 मध्ये अमेरिकी संशोधकांना हे विषाणू प्रथम नाकामागील अ‍ॅडेनॉइड ग्रंथींत सापडले. सर्दी, ताप, डोळे येणे असे विकार त्यांच्यामुळे होतात.

पेशीत प्रवेश करण्याची त्यांची पद्धत विलक्षण आहे. विषाणूच्या वीस बाजूंच्या कवचावर बारा काटे असतात. काट्याचे टोक पेशीवरील विशिष्ट प्रथिनाला चिकटते. मग काट्याच्या बुडाशी असलेले प्रथिन पेशीच्या दुसऱ्या ग्राहकाला पकडते आणि पेशी विषाणूला एका पिशवीत ओढून घेते. पिशवीतील आम्लतेच्या साथीने कवच उसवू लागते, विषाणू पिशवी फोडून बाहेर पडतो आणि पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाच्या दारापर्यंत जातो. तेथे तो आपला डीएनए आत सोडतो.

शास्त्रज्ञांनी याच क्षमतेचा उपयोग करून घेतला. विषाणूची स्वतःच्या प्रती काढणारी जनुके काढून त्या जागी कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचे जनुक बसविले. हा डीएनए सहसा माणसाच्या गुणसूत्रांत मिसळत नाही. काही काळ प्रथिन तयार होते आणि शरीर प्रतिकार शिकते. शिवाय ही लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात टिकते. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुडा पायथ्याशी वसलेल्या गावांसाठी ही बाब निर्णायक होती.

मात्र शरीर वाहक विषाणूलाही ओळखू लागते. म्हणूनच रशियाच्या ‘स्पुटनिक’च्या दोन मात्रांत दोन वेगळे विषाणू वापरले गेले. प्रतिकाराची ही प्रतिक्रिया अतिरेकी झाल्यास जीवघेणी ठरते. 1999 मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराच्या चाचणीत 18 वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला, तो अ‍ॅडेनोव्हायरसच्या मोठ्या मात्रेनंतरच. तरीही हे तंत्र थांबले नाही. मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील अशा उपचारास 2022 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

कोव्हिशिल्डनंतरच्या गुठळ्यांचे कारण वेगळे होते. काही मोजक्या व्यक्तींत रक्तबिंबिकांतील एका प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार झाली. ब्रिटनमध्ये दर 10 लाख पहिल्या मात्रांमागे साधारण 15 जणांत हा विकार आढळला. तो प्रामुख्याने लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांतच उद्भवतो. त्यामुळे 2021 मधील मात्रेमुळे आता हा विकार होईल, ही धास्ती निराधार आहे.

मूळ प्रश्न निराळाच आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 17 मे 2021 रोजीच गुठळ्यांच्या 26 संभाव्य घटना जाहीर केल्या होत्या. लस घेतल्यानंतर 20 दिवसांत धाप लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे, तीव्र डोकेदुखी अशा लक्षणांवर लक्ष ठेवण्यास सांगितले होते. म्हणजे माहिती दडविलेली नव्हती. तरीही अनेकांना ती तीन वर्षांनी, अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधील न्यायालयात दिलेल्या कबुलीच्या बातमीतून प्रथमच कळली.

सीरमने डिसेंबर 2021 पासून कोव्हिशिल्डचे उत्पादन थांबविल्याचे सांगितले आहे; वाहक विषाणूंचे तंत्र मात्र नव्या लसी आणि उपचारांतून पुन्हा येणारच. शीतसाखळी शेवटच्या गावापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला धोक्याची चार वाक्ये मराठीत नेणे अशक्य नव्हते. पुढच्या वेळी ती कुपीबरोबरच पोहोचली, तरच अफवांना जागा उरणार नाही.