कबुलीजबाबाची कॉपी

21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले. पाच जणांना फाशी झाली होती, सात जणांना जन्मठेप. त्यांतला एक जण निकाल ऐकायला उरला नव्हता. 2021 साली नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने त्याचा बळी घेतला. बाकीच्यांची एकोणीस वर्षे गेली.

यावर चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच वाक्य ऐकू आले: "पुराव्याअभावी सुटले." जणू गुन्हा केलाच होता, फक्त कागद कमी पडला! असे म्हणणाऱ्यांनी निकालपत्र उघडून पाहावे. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे न्यायालयाने मान्य केले. वेगवेगळ्या आरोपींचे, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी नोंदवलेले जबाब, पण मजकुराचे तुकडेच्या तुकडे सारखे.

आम्ही बिडकीनसारख्या गावात उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. दोन उत्तरपत्रिकांत तीच वाक्ये, त्याच क्रमाने आली, तर पेपर कॉपीचा आहे हे ओळखायला आम्हांला बी.एड.ची पदवी लागत नाही. पोराचे वर्ष वाया जाते. इथे कॉपीच्या पेपरावर फाशी दिली गेली, आणि पेपर लिहवून घेणाऱ्यांचे काय झाले?

याच खटल्यातले तेरावे आरोपी अब्दुल वाहिद शेख आमच्यासारखेच शिक्षक. त्यांनी कबुलीजबाब दिला नव्हता. 2015 साली विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तेही नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर.

हा केवळ काही अधिकाऱ्यांचा जुलूम नाही, कायद्यातले भगदाड आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा धरू नये, हे इंग्रज सरकारनेसुद्धा 1872 च्या पुरावा कायद्यात लिहिले. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. टाडा आणि पोटा या कायद्यांनी ही भिंत पाडली. ते दोन्ही गेले. महाराष्ट्राचा 1999 चा मोक्का मात्र उभा आहे. त्याच्या कलम 18 नुसार पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा ठरते. दहशतवादविरोधी यूएपीएतही अशी सवलत नाही!

म्हणून बारा जण सुटले, आता पुरे, असे मानून आपण गप्प बसू नये. तीनच दिवसांनी, 24 जुलैला, सुप्रीम कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, अशी स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जावे लागले नाही. पण तशाच कबुलीवर शिक्षा भोगणाऱ्या दुसऱ्या कैद्याच्या हातची काठी त्या आदेशाने काढून घेतली.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे असे समजणे ही दुसरी चूक. नाशिकच्या एका खटल्यात फाशी झालेल्या भटक्या जमातीच्या सहा मजुरांना सुप्रीम कोर्टाने 2019 साली निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. रेल्वे खटल्यातल्या बारा जणांना निकालाने अशी भरपाई दिली नाही. विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात निर्दोषांना भरपाई देणारा कायदा सुचवला आहे. तो कागदावरच आहे. गरीब, मग तो पारधी असो की पठाण, ठाण्यात सारखाच एकटा असतो.

आणि त्या संध्याकाळी लोकलमध्ये मेलेली 180 हून अधिक माणसे? त्यांच्या घरच्यांनाही इन्साफ मिळाला नाही. बेगुनाहाला धरून ठेवले की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, हे त्यांना सांगायला आपणच गेले पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. मोक्काचे कलम 18 रद्द करा. केवळ अशा कबुलीवर झालेल्या शिक्षा पुन्हा तपासा. भरपाईचा कायदा करा. छळ करणाऱ्यांवर खटले भरा. आमदार मते मागायला येतील तेव्हा रस्ता, नळ, कब्रस्तानाची भिंत यांच्याबरोबर हेही मागा. आणि ज्यांना वाचता येते, त्यांनी हे निकालपत्र मराठीत आणि उर्दूत मोहल्ल्यापर्यंत पोचवावे. तेवढे काम तरी आम्हां मास्तरांना जमण्यासारखे आहे.