सोळा बाय सोळाचा आयकॉन आणि फुकटचं कन्व्हर्टर



मंडळाच्या वेबसाइटला फेव्हिकॉन हवा असतो. मग कमिटीतला कोणीतरी गणपतीच्या मिरवणुकीचा आठ एमबीचा फोटो उचलतो, गूगलवर पहिल्या सापडलेल्या फुकट कन्व्हर्टरवर चढवतो आणि आलेली आयसीओ फाईल पुढे ढकलतो. दरवर्षी नवी कमिटी, प्रकार तोच. माझं स्पष्ट मत, हे काम असं करू नये. चित्राच्या दृष्टीने नाही आणि फायलीच्या दृष्टीने तर नाहीच.

आधी साधं गणित. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. चौकोनी कापला तरी ९० लाख. ब्राउझरच्या टॅबवरचा आयकॉन १६ बाय १६, म्हणजे २५६. साधारण ३५ हजार ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका! त्यात मिरवणूक कुठली दिसणार? गुलालाचा डाग दिसतो. राजमुद्रेचंही तेच. अष्टकोन कसाबसा ओळखू येतो, आतली अक्षरं मुंग्या होतात. देवनागरीत तर शिरोरेघेलाच एक ओळ जाते, वर-खाली मात्रा-उकार आले की संपलं. एकटा 'म' मात्र झकास बसतो.

लहान आकारासाठी चित्र लहान करायचं नसतं, वेगळं काढायचं असतं. १९८३-८४ मध्ये सुसान केअरने मॅकिंटॉशचे आयकॉन ३२ बाय ३२ च्या चौकटीत ठिपका-ठिपका भरून काढले होते. आमच्या गेर्लिंगेनमध्ये शिलरहोहवर बॉशचं मुख्यालय आहे. त्यांचं चिन्ह बघा: वर्तुळात मॅग्नेटोचं आर्मेचर. गॉटलोब होनोल्ड या त्यांच्याच इंजिनियरने १९१८ साली काढलेलं, तेव्हा पिक्सेल कोणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी आज टॅबवर लगेच ओळखू येतं, कारण मुळातच रेषा मोजक्या. आपल्याकडे वारली आहे की! वर्तुळ, त्रिकोण, रेघ. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोचलेली ही चित्रभाषा आयकॉनसाठी शनिवारवाड्याच्या फोटोपेक्षा कितीतरी सोयीची आहे.

असो. चित्र बिघडलं तर फार तर लोक हसतील. खरी काळजी वेगळी आहे. परत येते ती फाईल दोन-चार केबीची, पण तिकडे गेलेली मूळ, पूर्ण. त्यात लोकांची पोरं स्पष्ट दिसतात, आणि फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही एक्झिफमध्ये लिहिलेलं असतं. "एक तासात डिलीट करतो" असं साइट म्हणते, ते तपासणार कोण? मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने अशा फुकट कन्व्हर्टरांमधून मालवेअर पसरतो असा इशारा दिला होता. आणि जर्मनीत मंडळ रजिस्टर्ड फेराइन असेल तर सभासदांच्या डेटाची जबाबदारी मंडळाची. डीएसजीव्हीओ २०१८ पासून लागू आहे, "आम्ही हौशी आहोत" हे उत्तर चालत नाही.

आयकॉन हे निमित्त झालं. हीच सवय पुढे ओसीआयच्या फॉर्मला नडते. फोटो आणि सही ठरावीक मापात हवी म्हटल्यावर पासपोर्टची पानंसुद्धा त्याच साइटवर जातात. ऑफिसमध्ये एनडीएवर सही करणारे, कस्टमरचा डेटा यूएसबीवरही न घेणारे आपणच घरी हे करतो, याचं मला नवल वाटतं.

बरं, पर्याय अवघड आहे का? अजिबात नाही. गिंप फुकट आहे, थेट आयसीओ एक्सपोर्ट करतो. १६, ३२, ४८ असे वेगवेगळे लेयर केलेत की सगळे आकार एकाच फाईलमध्ये बसतात. कमांड लाइनची आवड असेल तर इमेजमॅजिक, एका ओळीत काम. ऑनलाइनच हवं असेल तर काही साइट्स सगळं ब्राउझरमध्येच करतात, फाईल बाहेर जात नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. पान उघडा, वायफाय बंद करा, मग फाईल निवडा. तरीही काम झालं तर ठीक. फाईल सेव्ह करा, टॅब बंद करा आणि मगच वायफाय चालू करा. "अपलोड फेल्ड" आलं, तर काय ते समजलंच :-)