सर्व्हरवरील डिस्कची जागा वाढवून मिळण्याबाबत निवेदन

दि. १६ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांच्या सेवेशी

विषय : डिझाइन विभागाच्या सर्व्हरवरील जागा परवडणाऱ्या खर्चात वाढवून मिळणेबाबत.
संदर्भ : आमची दि. ४ मार्च, १८ जून व २२ सप्टेंबर २०२४ ची पत्रे.

महोदय,

वरील तिन्ही पत्रांची पोच आमच्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही. मार्चमध्ये ‘वर्षअखेर होऊ द्या’, जूनमध्ये ‘गणपतीनंतर बघू’ आणि सप्टेंबरमध्ये ‘दिवाळीनंतर नक्की’ असे तोंडी सांगण्यात आले. दिवाळी होऊन दीड महिना झाला.

सर्व्हरमध्ये २ टीबीच्या चार डिस्क रेड ५ वर आहेत. वापरायला ६ टीबी, स्क्रीनवर दिसतात साडेपाचाच्या आत. आज सकाळी त्यातले ३८ जीबी शिल्लक होते. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी आम्ही फाइली पुसायला बसतो. कोणाची फाइल जुनी, कोणाची कामाची, यावर आपसात वाद होतात. ऑगस्टमध्ये अशाच घाईत एका साच्याची ‘रिव्हिजन सी’ पुसली गेली. सोमवारी टूलरूमला ‘बी’ गेली, पोकळी दीड मिलिमीटर जास्त खोल कापली गेली आणि अख्खा ब्लॉक भंगारात टाकावा लागला. फाइल पुसणाऱ्या सहकाऱ्याला मेमो मिळाला. जागा करायला त्याला आम्हीच सांगितले होते आणि जागा नसल्याचे आपल्याला मार्चपासून माहीत होते. आता पाच जण चालू काम स्वतःच्या पोर्टेबल डिस्कवर ठेवतात. कोणती प्रत शेवटची, हे विचारायला रजेवरच्या माणसाला घरी फोन करावा लागतो.

ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या डिस्कचा पिवळा दिवा लागला. बदली डिस्क यायला ११ दिवस लागले. त्या काळात आणखी एक डिस्क गेली असती, तर सगळीच ड्रॉइंग गेली असती.

नवा सर्व्हर आणि सॅनच्या कोटेशनचा आकडा पाहून प्रस्ताव बाजूला ठेवला गेला, असे कळते. आम्ही तो मागितलाच नव्हता. आमच्या मागण्या अशा :

१. आहे तोच सर्व्हर ठेवून बाहेरचे पोर्ट असलेले रेड कार्ड आणि १२ डिस्कची पेटी घ्यावी. सध्या ८ टीबीच्या सहाच डिस्क घालून रेड ६ करावे. दोन डिस्कची जागा सुरक्षिततेसाठी गेली तरी ३२ टीबी मिळतात. उरलेल्या सहा जागा पुढे लागतील तशा भरता येतील. इथे रेड ५ वर बचत करू नये. ८ टीबीची डिस्क २०० एमबी प्रतिसेकंद या वेगाने भरली तरी रिबिल्डला ११ तास लागतात. काम चालू असताना त्याहून जास्त. तेवढा वेळ दुसऱ्या डिस्कच्या भरवशावर बसणे आम्हाला परवडणार नाही. डिस्क पाच वर्षांच्या वॉरंटीच्या, सीएमआर प्रकारच्याच असाव्यात. एसएमआर डिस्क स्वस्त पडतात, पण रिबिल्डमध्ये रेंगाळतात.

२. त्याच मॉडेलची एक डिस्क कपाटात तयार ठेवावी.

३. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आठवड्याची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवण्याची सोय करावी. हे जूनच्या पत्रातही होते.

४. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाव्यात.

५. ऑगस्टचा मेमो मागे घ्यावा.

कपाटातली धरून सात डिस्क, एक पेटी आणि एक कार्ड, एवढीच मुख्य खरेदी आहे. तिच्यावर ३१ डिसेंबरपर्यंत लेखी निर्णय द्यावा, ही नम्र विनंती. आता आणखी एका सणाचा वायदा नको.

येत्या शनिवारपासून आमच्यापैकी कोणीही दुसऱ्याची फाइल पुसणार नाही. जागा संपली की काम थांबेल, आणि त्याचा मेमो कोणा एकाच्या नावे निघू नये, म्हणून आम्ही सर्वांनी खाली सह्या केल्या आहेत.

आपले विश्वासू,
डिझाइन, टूलरूम व गुणवत्ता विभागातील कर्मचारी
(एकूण १७ सह्या)