पेशीच्या पेढीवरील दिवाणजी

सातारा-सांगलीच्या बाजारपेठांत एक वाक्य वारंवार कानी पडते : "थोडे पित्त आहे, गोळी घेतली की बरे वाटते." सकाळी दुकान उघडण्याची घाई, जेवणाची वेळ अनिश्चित, मग पोटाने तक्रार केली तर नवल कसले, असे आपण मानतो. बहुधा ते खरेही असते. परंतु जठराचा कर्करोगही आरंभी हीच भाषा बोलतो.

आपल्या पेशीत प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. प्रथिनांचा हा मजकूर डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी जागेत मावतो. उरलेला बराचसा भाग एके काळी निरुपयोगी गणला गेला. त्यातूनच निर्माण होणाऱ्या, २०० हून अधिक घटकांच्या काही साखळ्यांना 'लाँग नॉन-कोडिंग आरएनए' म्हणतात. त्या प्रथिन घडवीत नाहीत. पेढीवरचे दिवाणजी स्वतः माल विकत नाहीत, पण कोणता माल केव्हा काढावा हे त्यांच्या शब्दावर ठरते. तसेच कोणते जनुक जागे राहावे व कोणते निजावे, हे ठरविण्यात या आरएनएंचा वाटा असतो. जठराच्या कर्करोगात 'हॉटएअर' व 'एच-१९' यांचे प्रमाण वाढलेले अनेक अभ्यासांत आढळले आहे. दिवाणजीच फितूर झाले, की पेशींच्या वाढीला आवर घालणारी जनुके गप्प बसतात.

यांच्या आधारे रक्तातूनच रोग ओळखावा, असे संशोधन चालू आहे. ती चाचणी मात्र अद्याप नित्य उपचारात आलेली नाही. आज खात्रीचे निदान होते ते एंडोस्कोपी करून, तुकडा तपासूनच.

"आम्ही शाकाहारी, रात्रिभोजनही वर्ज्य, आम्हांस भय कसले?" असे कोणी विचारील. संयमाचे लाभ आहेतच. पण या रोगाचे प्रमुख कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू आपले ताट पाहून येत नाही. तो बहुधा बालपणी, घरातल्या घरातच पसरतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यास कर्करोगकारक ठरविले. तपासणीत तो आढळल्यास प्रतिजैविकांनी घालविता येतो. तंबाखू व मिठाचा अतिरेक हेही धोका वाढवितात.

वजन घटणे, चार घासांतच पोट भरणे, काळा शौच, रक्त कमी होणे, यांपैकी काही दिसल्यास गोळीने ते झाकू नये. एंडोस्कोपीसाठी मुंबई गाठावी लागत नाही; साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत ती होते.

दिवाळीला वह्या बदलताना आपण पैपैचा हिशेब जुळवितो. शरीराच्या खात्यातील न जुळणारी रक्कम तरी पुढील वर्षावर का ओढावी?