पंगतीचा कारभार तरुणांच्या हाती द्या

लग्नसराईत गावोगाव पंगती उठतात. शेवटची पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करणारास जे दिसते, ते यजमानाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. अर्धी जिलेबी, न कालवलेला भात, भाजीचा जसाच्या तसा ढीग. एक किलो भात पिकविण्यास शेताला सरासरी सुमारे २,५०० लिटर पाणी लागते, हे ज्याने पाटाचे पाणी पाळीने घेतले आहे त्याला निराळे सांगावयास नको.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यापैकी सुमारे ६० टक्के नासाडी घरगुती होती. म्हणजे दोष केवळ हॉटेलवाल्यांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही.

या कामी शहरांतील तरुण पुढे आले आहेत. २०१४ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘रॉबिन हुड आर्मी’चे स्वयंसेवक उपाहारगृहांतील शिल्लक अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवितात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु खेड्यात त्याची नुसती नक्कल करून भागणार नाही, असे आमचे मत आहे. वैशाखातील दुपारी शिजलेले वरण सायंकाळपर्यंत आंबते. ते दुसऱ्याच्या ताटात वाढणे हे दान नव्हे. शिवाय पानात पडलेले उष्टे कोणासच देता येत नाही.

मग ते जनावरांपुढे टाकले जाते व ‘वाया तर गेले नाही’ असे समाधान मानले जाते. हा समज घातक आहे. भात, पुऱ्या, जिलेबी असे पदार्थ जनावराने एकदम पोटभर खाल्ल्यास त्याच्या कोटीपोटात आम्ल वाढते, रवंथ बंद पडते आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दावणीची दुभती गाय गमावणे कोणत्या शेतकऱ्यास परवडेल?

तेव्हा खरा उपाय पंगतीच्या आधी व पंगतीतच करावयास हवा, आणि तो तरुणांनाच साधेल, कारण वाढप्याची पळी त्यांच्याच हाती असते. तरुण मंडळाने आदल्या दिवशी घरोघर विचारून जेवणाऱ्यांचा आकडा आचाऱ्यास द्यावा. भात एकदम न शिजविता दोन-तीन खेपांत लावावयास सांगावे. प्रथम थोडे वाढावे, मागेल त्यास पुन्हा वाढावे. न वाढलेले अन्न उरलेच, तर ते गरम असतानाच झाकून तासा-दोन तासांत वस्तीवर पोहोचवावे. उष्टे मात्र उकिरड्यावर न फेकता पाचोळा व शेणाच्या थरांत घालून कंपोस्ट खड्ड्यात कुजवावे.

वडीलधाऱ्यांची हरकत आम्हांस ठाऊक आहे. ‘हात आखडला, असे पाहुणे म्हणतील.’ आग्रह हा आपल्या पंगतीचा मान आहे आणि तो मोडा असे आम्ही म्हणत नाही. पण आग्रह पळीभर अन्नाचा असावा, पातेलेभर अन्नाचा नव्हे. पाहुण्याने पानावर हात आडवा धरल्यावरही वाढणाऱ्या मुलास आज शाबासकी मिळते. ती देण्याचे यजमानाने थांबवावे, आणि येत्या लग्नात वाढप्यांचा मुखत्यार म्हणून मंडळातील एखाद्या तरुणास आचाऱ्यासमक्ष नेमून द्यावे.