गुडघ्यातले निरोप

फराळाला चार वयस्क माणसे जमली, की बोलणे फिरून फिरून गुडघ्यांवर येते. “तेल संपले हो आता!” असे एकीने म्हणावे आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्यात. जणू गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. झिजायची ती झिजणारच, तेव्हा वापर कमी केलेला बरा. पण बिजागरी लोखंडाची असते आणि सांधा जिवंत असतो, हे आपण विसरतो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात दहापैकी सात-आठ भाग पाणीच. बाकी प्रथिनांच्या तंतूंचे जाळे आणि त्यात तुरळक विखुरलेल्या पेशी. तिथे रक्तवाहिनी नाही, की मज्जातंतू नाही. म्हणूनच बिघाड सुरू झाला तरी बरेच दिवस दुखत नाही. मग या पेशींना जेवण कोण पोचवते? आपले पाऊल! भार पडला, की ओल्या स्पंजासारखे पाणी पिळून निघते. पाय उचलला, की सांध्यातला रस पोषण घेऊन आत शिरतो. शिवाय बेताचा भार हा पेशींना निरोपही असतो, ‘डागडुजी चालू ठेवा’ असा.

वाईट निरोपही येतात. केंब्रिजच्या ऑनर फेल आणि त्यांचे सहकारी जब यांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. डुकराच्या सांध्यातील कूर्चेचा तुकडा आणि सांध्याचे अस्तर त्यांनी जरा अंतर राखून ठेवले. दोहोंचा स्पर्श नसतानाही कूर्चा विरघळू लागली. मात्र तुकड्यातल्या पेशी आधीच मारून टाकल्या, तर दूरच्या अस्तराने काहीच बिघडेना. म्हणजे निरोप बाहेरून येतो, पण घर पाडतात ती घरातलीच माणसे!

त्या निरोप्याची पुढे ओळख पटली. त्याचे नाव इंटरल्यूकिन-१. तो पेशीत शिरत नाही. उंबऱ्यावर उभा राहून कडी वाजवतो. आत तो निरोप हातोहात पेशीच्या केंद्रापर्यंत जातो आणि तंतू कातरणारी विकरे बाहेर पडू लागतात.

आमवातात टीएनएफ नावाचा दुसरा निरोप्या असाच धुमाकूळ घालतो. त्याला वाटेतच अडवणारे औषध लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि त्यांना चांगला गुण आला. उतारवयातल्या सांधेदुखीला मात्र तो उपाय तसा लागू पडला नाही. तिथे कडी वाजवणारे अनेक. एकाला अडवून भागत नाही.

मग आपल्या हाती काय? वजन आणि चालणे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जाड माणसाचे वजन एक किलो उतरले, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे आढळले. सांधा सुजून गरम झाला किंवा सकाळी बराच वेळ आखडलेला राहिला, तर मात्र घरगुती तेलावर न विसंबता डॉक्टरांना गाठावे.

“आई, तू उठू नकोस, मी आणते,” यात माया असते, हे खरे. पण डॉक्टरांची मनाई नसेल, तर आईला उठू द्यावे. तिच्या प्रत्येक पावलाची आत कुणीतरी वाट पाहत असते.