मुलांच्या हातात पानाही द्या

नेमबाजीच्या रेंजवर नव्या मुलाला पहिल्या दिवशीच बजावलं जातं : ‘रायफलच्या स्क्रूंना हात लावायचा नाही.’ रायफल परदेशी बनावटीची, लाखांतली, बऱ्याचदा घरच्यांनी कर्ज काढून घेतलेली. त्यामागची धास्ती मला कळते. तरीही हा नियम मोडीत काढायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

माझी सगळी नोकरी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, टूलरूममध्ये झाली. निवृत्तीनंतर नातीला रेंजवर सोडायला जाऊ लागलो आणि हळूहळू तिथल्या मुलांच्या रायफली माझ्यापुढे येऊ लागल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली. २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमधून ब्राँझ आणलं. कोल्हापूरच्या पोरांना आता नेमबाजीकडे वळा असं वेगळं सांगावं लागत नाही. उभं कसं राहायचं, श्वास कुठं थांबवायचा, ट्रिगर कसा दाबायचा यावर कोच जीव ओतून मेहनत घेतात. रायफल जोडलेली कशी आहे, हे मात्र कुणी दाखवत नाही.

मग पोराची उंची वाढते, खांद्याला टेकणारी बट प्लेट सरकवावी लागते. कधी पुढच्या साईटमधली रिंग बदलायची असते, कधी साफसफाईसाठी मागची साईट काढून परत बसवलेली असते. दुसऱ्या दिवशी छर्रे भलतीकडेच जातात. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. तिथं साईटची पकड केसभर सैल राहिली तरी गुण गेले. पोरगं स्वतःलाच दोष देतं, उभं राहण्याची ढब बदलतं, आणि चांगली बसलेली सवय बिघडवून घेतं. हुंदके देत बाहेर आलेली मुलगी मी पाहिली आहे, तिच्या साईटचा एक स्क्रू बोटानं फिरत होता. अशा वेळी मला मुलांचा नाही, आम्हा मोठ्यांचा राग येतो.

दोष शोधायला बारा-तेरा वर्षांचं मूल सहज शिकतं. आधी रायफल रिकामी करायची, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग घालायचा, मगच पाना उचलायचा. पहिला प्रश्न एकच : शेवटचा बदल कोणता केला होता? तिथून सुरुवात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, मग कोचसमोर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारायचे. पाचही एकमेकांना चिकटून एका बाजूला सरकले असतील तर साईट तपासा. विखुरले असतील तर स्टॉकला धरून ठेवणारे मुख्य स्क्रू बघा. हळूहळू खाली उतरत असतील तर हवेच्या सिलिंडरच्या गेजवर नजर टाका.

नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त मरतात ते आटे. स्टॉक ॲल्युमिनियमचा, स्क्रू पोलादाचा. तिरका घुसला आणि वर जोर लावला की आटे गेलेच. माझ्या उस्तादांनी शिकवलेली युक्ती मी प्रत्येक पोराला देतो : स्क्रू आधी उलटा फिरवा, बोटाला बारीक ‘टक्’ जाणवली की मग सुलटा, आणि पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच. पाना शेवटी. झिजलेली ॲलन की तर टाकूनच द्या. ती स्क्रूचं डोकं गोल करते. घट्ट केल्यावर स्क्रूवर आणि शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, हे विचारायलाच नको.

दोन जागा मी मुलांना वर्ज्य ठेवतो : ट्रिगरच्या आतली यंत्रणा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते. ते काम जाणकार मेकॅनिकचंच. पण सिलिंडरवरची मुदत वाचायला मुलानं शिकलंच पाहिजे. मुदत टळलेली नाही ना हे पाहणं आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खेळाडूचीच जबाबदारी आहे.

पोरं काहीतरी बिघडवतील, असं पालक म्हणतात. बिघडवतील, म्हणून तर क्लबच्या जुन्या रायफलवर शिकवायचं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ला मनू भाकरच्या पिस्तुलानं ऐन पात्रता फेरीत दगा दिला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिचा त्यात काही दोष नव्हता, आणि पॅरिसला तिनं दोन ब्राँझ मिळवलीही. पण इतक्या वरच्या पायरीवरसुद्धा सारं काही एखाद्या चिमुकल्या भागावर अडतं. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत तर मदतीला मेकॅनिकही नसतो.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक रेंजवर एक टेबल, त्यावर पांढरं कापड, चांगल्या पोलादाच्या मेट्रिक ॲलन की, एक टॉर्कचा पाना आणि बाद झालेली एक रायफल ठेवा. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एक तास मुलांनी ती खोलावी आणि जोडावी. कोचनं तोवर शेजारी उभं राहावं, हात मागे बांधून.